आबांचं उद्घाटन

आबांच्या गळ्यात आणखी एक हार पडला आणि मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. तेवढंच काम उरलं होतं. आम्ही मुली मैदानाच्या मधोमध दोन ओळींत उभ्या होतो, ऊन मी म्हणत होतं, आणि मांडवात सत्कार चालू होते. माईक दिगूमामांकडे होता. हे आमच्या तालमीचे सेक्रेटरी, आणि कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच असतात. त्यांच्या हातात एकदा माईक गेला की तो परत मिळवायला वीज जावी लागते, आणि त्या दिवशी नेमकी वीज होती.

माझं लक्ष आबांकडे नव्हतंच. त्यांच्या पलीकडे एका खुर्चीत बारीक केस कापलेल्या, काळ्यासावळ्या बाई बसल्या होत्या, मी त्यांच्याकडे बघत होते. त्या फिलोमिना मॅडम. मूळच्या मडगावच्या, पण बंगळुरूच्या एका व्यावसायिक क्लबच्या कोच. पुण्याहून गोव्याला निघाल्या होत्या, भाच्याच्या बाप्तिस्म्याला. वाटेत कोल्हापुरात थांबून आमचा सामना बघायला त्या कशाबशा तयार झाल्या होत्या, तेही फक्त पहिला हाफ. त्यांना मधल्या फळीत एक मुलगी हवी होती. हाफ टाइम झाला की त्या गाडीत बसणार, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गाडी मैदानाच्या फाटकाशी उभी होती आणि ड्रायव्हर अधूनमधून उगीचच हॉर्न वाजवून बघत होता.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मधल्या फळीत खेळत होते. याआधी दोन ट्रायल माझ्या हातच्या गेल्या होत्या. एकदा मला डेंगी झाला. दुसऱ्यांदा पुण्याला निघालो, तर पप्पांना वाटेत कराडला एका लग्नात फेटे पोचवायचे होते. तिथे नवरदेवाच्या मामांना फेट्याचा रंग पसंत पडेना. आम्ही पुण्यात पोचलो तेव्हा मैदानावर गवत कापण्याचं यंत्र फिरत होतं.

पप्पांचं नाव नामदेव चौगुले आणि आमचं दुकान सत्काराच्या साहित्याचं. शाल, श्रीफळ, फेटा, हार, मानचिन्ह, सगळं एका छपराखाली. कोल्हापुरात या धंद्याला मरण नाही. ज्याचा सत्कार करायचा राहून गेला तो माणूस पुढे जन्मभर तालमीच्या दारावरून मान फिरवून जातो. त्यामुळे कुणाला वगळायचं नाही, आणि नावं घेताना क्रम चुकवायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. खेळाचे नियम त्यानंतर.

पप्पांचं आणि माझं बोलणं आदल्या आठवड्यातच झालं होतं. ते रागावले नव्हते, नुसते दमले होते. म्हणाले, ह्या बाईंनी निवडलं तर खुशाल जा, मी अडवणार नाही. नाही निवडलं तर बुटाचं नाव काढायचं नाही, सोमवारपासून दुकानात बसायचं. मी हो म्हटलं. दुकानात बसायची कल्पना वाईट नव्हती, पण मला ती करताच येत नव्हती. डोळे मिटले की शालींच्या घड्यांऐवजी मैदानच दिसायचं.

आणि आता तेच पप्पा मांडवात घाम पुसत हारांची टोपली पुढे सरकवत होते. दिगूमामा नावं पुकारत होते आणि मॅडमकडचा वेळ एकेका नारळागणिक संपत चालला होता. फिलोमिना मॅडमचाही सत्कार झाला. त्यांना फेटा पप्पांनी स्वतः बांधला. पाहुण्याला बांधायचा म्हणून चांगला घट्ट बांधला, इतका की मॅडमच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

शेवटी दिगूमामांनी जाहीर केलं की आता उद्घाटक माननीय बळवंतराव सरनोबत, म्हणजे आपले आबा, बॉलला किक मारून सामन्याचं उद्घाटन करतील.

आबा म्हणजे आमच्या पेठेचं दैवत. सत्तरी ओलांडलेली, पण ताठ. तरुणपणी ते आमच्या तालमीचे सेंटर फॉरवर्ड होते. त्यांच्या एका गोलाची गोष्ट पेठेत दर वर्षी सांगितली जायची आणि दर वर्षी तो गोल थोडा आणखी लांबून मारलेला असायचा. मुलींचा सामना तालमीच्या मैदानावर नको म्हणणारे बरेच होते. आबांनी त्यांना एका वाक्यात गप्प केलं होतं: पोरी खेळणार आणि उद्घाटन मी करणार.

ते मैदानात आले. डोक्याला गुलाबी फेटा, अंगावर शाल, गळ्यात हारांचा ढीग, खाली पांढरं धोतर. आणि धोतराखाली फुटबॉलचे बूट. जुने, काळे, पुढच्या टोकाला शिवण उसवलेले. मी ते पाहिले आणि म्हटलं, म्हाताऱ्याला हौस असेल.

पद्धत अशी की उद्घाटक बॉलला पाय लावतात, फोटो निघतो, टाळ्या पडतात आणि उद्घाटक मांडवात परत जाऊन चहा घेतात. आबांनी बॉलला पाय लावला. फोटो निघाला. टाळ्या पडल्या. मग आबांनी बॉल पुन्हा पायात घेतला आणि ते पुढे निघाले.

सुरुवातीला सगळे हसले. आम्हीही हसलो. समोरचा संघ इचलकरंजीचा होता. त्यांची सेंटर फॉरवर्ड आदबीने बाजूला झाली. आबा तिच्याशेजारून गेले, मग पुढच्या मुलीशेजारून. तिने तर बाजूला होताना नमस्कारही केला. सामन्याचे पंच होते बावडेकर सर. त्यांना फुटबॉल शिकवला होता आबांनीच. सरांनी शिट्टी तोंडाशी नेली, आबांनी चालता चालता त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि सरांनी शिट्टी पुसून खिशात ठेवली.

दिगूमामांना माईकवर काहीतरी बोलणं भाग होतं. ते म्हणाले, "आबासाहेबांनी उद्घाटन पुढं न्हेलेलं आहे."

यावर पेठेतली मंडळी उठून उभीच राहिली. शिट्ट्या सुरू झाल्या, कुणीतरी हलगी आणली होती ती कडाडायला लागली. आबांना तेच पाहिजे होतं असं आम्हाला वाटलं. शाल खांद्यावरून घसरली, एक हार तुटला, झेंडूची फुलं सांडत सांडत आबा निघाले होते आणि बॉल मात्र पायाला चिकटलेला होता. खरं सांगते, पाय अजून छान चालत होते. वेगाचं म्हणाल तर आमच्या दुकानातला कामगार यापेक्षा वेगाने नारळ सोलतो, पण स्पर्श खानदानी होता.

मांडवात काय झालं ते मला पप्पांनी नंतर सांगितलं. फिलोमिना मॅडमनी त्यांना विचारलं की हे कोण आहेत. पप्पा म्हणाले, आमचे उद्घाटक. मॅडमनी विचारलं, मग उद्घाटन झालं ना? पप्पांनी उभ्या आयुष्यात कधी गिऱ्हाइकाबद्दल वाकडा शब्द काढलेला नाही. ते म्हणाले, "चालू आहे."

मॅडमनी घड्याळ बघितलं.

मीही मांडवातल्या घड्याळाकडे बघत होते. बावडेकर सरांनी किक बसल्या बसल्या वेळ सुरू केली होती, कारण आबांनी मारलेली किक खोटी कशी धरायची. म्हणजे हा माझा हाफ होता. मी आयुष्यभर ज्याची वाट बघितली त्या हाफमध्ये इचलकरंजीच्या मुली एकेक करून रस्ता मोकळा करत होत्या आणि एक आजोबा फिरत होते. मला रडू यायला लागलं. राग कुणाचा करावा तेही कळेना. आबांवर रागवायचं म्हणजे देवळातल्या घंटेवर रागावण्यासारखं.

माझ्या शेजारी नाझनीन मुजावर उभी होती. आमची फॉरवर्ड, शाळेपासूनची मैत्रीण. तिला म्हटलं, काहीतरी कर. ती म्हणाली, "मी काय करू? त्यांनी माझ्या बारशाला कुंची आणलेली."

आबा आता गोलपर्यंत पोचले होते. इचलकरंजीची गोलकीपर पुढे आली, आणि आबांनी नेम धरायला पाय मागे घेतला तशी ती चक्क वाकली आणि त्यांच्या पाया पडली. गोल रिकामा. बॉल आबांच्या पायात. अख्ख्या पेठेने श्वास रोखला. मी मनात म्हटलं, मारा आबा, एकदाचा मारा आणि संपवा.

आबांनी मारला नाही. त्यांनी वाकलेल्या मुलीकडे बघितलं, चहात माशी दिसल्यासारखा चेहरा केला, आणि बॉल वळवून ते परत निघाले. आमच्याच गोलच्या दिशेने.

लोकांना वाटलं, आबा आता दोन्ही बाजूंना उद्घाटन करणार. हलगी आणखी जोरात सुरू झाली. फाटकाशी ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, आणि या वेळी तो उगीच वाजवलेला नव्हता, लांबलचक होता. मांडवात फिलोमिना मॅडम उठून उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी त्या डोक्यावरचा फेटा काढायला बघत होत्या आणि तो निघत नव्हता. पप्पांचं काम पक्कं असतं.

आबा नाझनीनजवळून गेले. ती सरकली. मग आमच्या कॅप्टनजवळून गेले. तीही सरकली. आणि मग समोर मी.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. काही नव्हतं. फक्त सोमवार होता. दुकानाचं शटर, शालींचा कापराचा वास आणि मी गल्ल्यावर बसलेली. मला वाटलं, जाणारच आहे दुकानात, तर निदान एकदा बॉलला पाय लावून जाईन. आबा म्हणाले, "सरक की पोरी."

मी म्हटलं, "न्हाई आबा. बॉल घेतो मी." आमच्या कोल्हापुरात मुलीही घेतो आणि जातोच म्हणतात.

आबा थांबले. म्हणाले, "घे की मग. वाट कुणाची बघालीस?"

आणि त्यांनी मला डावीकडे झुकवून उजवीकडून काढायचा प्रयत्न केला. धोतर नेसलेल्या माणसाने डॉज दिला की दोन पायांच्या जोडीला धोतराचा सोगाही एक दिशा दाखवतो. मी सोग्याला फसले, अर्धी गेले, मग परत फिरून जमिनीवरून घसरत पाय टाकला. बॉल स्वच्छ निघाला. बॉलच्या मागे माझं पाऊल त्यांच्या नडगीला लागलं आणि आबा, फेटा, हार आणि शाल असं सगळं धाडकन खाली आलं.

हलगी थांबली. कोल्हापुरात मैदानावर इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. दिगूमामांच्या हातात माईक होता आणि ते गप्प होते, यावरून काय ते समजा. मांडवात पप्पांनी हातातली शाल उघडून स्वतःच्या तोंडावर घेतली. बावडेकर सर धावत आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी वरच्या खिशात हात घातला, तिथे लाल कार्ड असतं. मला वाटलं, संपलं. माझं संपलं, आणि पेठेत मुलींचा फुटबॉलही संपला.

खालून आवाज आला. "बावडेकर, खिशातला हात काढ."

आबा पाठीवर पडलेले होते आणि फेटा एका डोळ्यावर आला होता. म्हणाले, "पोरीनं बॉल घेतलाय. पाय मागनं लागलाय. ह्याला फाउल म्हणायला तुला कुणी शिकिवलं? मी तर न्हाई." मग उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघून ओरडले, "आणि तू काय बघत बसलीस? बॉल मेलाय का? खेळ की."

मी खेळले. नाझनीनला असा पास दिला की तिला फक्त पाय लावायचा होता. नाझनीन हात जोडून आबांकडे बघत उभी होती. बॉल तिच्या पाठीला लागून बाहेर गेला.

चौघांनी आबांना उठवलं. ते कुणाचा हात न धरता लंगडत बाहेर गेले, आणि अख्खी पेठ टाळ्या वाजवत होती. मी मांडवाकडे बघितलं. मॅडमची खुर्ची रिकामी होती. खुर्चीत नारळ होता. फाटकाकडे बघायचं मला धाडस झालं नाही. त्यानंतरचा उरलेला हाफ मी कसा खेळले ते आठवत नाही. नाझनीन म्हणते की मी पिसाळल्यासारखी खेळले आणि इचलकरंजीच्या मुली आता माझ्यासाठीही बाजूला सरकत होत्या.

हाफ टाइमची शिट्टी झाली. पाणी प्यायला बाहेर आले तर पाण्याच्या पिंपाशेजारी फेटा बांधलेल्या मॅडम उभ्या होत्या. टॅकल झाल्यावर त्या जवळून बघायला खाली उतरून आल्या होत्या. ड्रायव्हरचा हॉर्न चालूच होता. त्या म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं, सगळे लोक चिडतील?"

मी हो म्हटलं.

"मग कशाला केलंस?"

मी म्हटलं, "बॉल त्यांच्याकडं होता."

मॅडम हसल्या नाहीत, म्हणजे फेट्यामुळे त्यांना हसता येत नसावं. म्हणाल्या, "आमच्या टीममध्येपण एक आबा आहे. आमची कॅप्टन. मोठं नाव आहे तिचं. प्रॅक्टिसला तिच्या पायातला बॉल कोणच काढत नाही, सगळ्या बाजूला होतात. दोन वर्षं झाली, ती खराब खेळते आणि तिला कळत नाही. तू काढशील?"

"काढतो की."

त्या पिंपावरच्या पेल्याने पाणी प्यायल्या, मग त्यांनी पप्पांना बोलावून घेतलं आणि एका दमात दोन गोष्टी सांगितल्या. एक, मुलीला पुढच्या महिन्यात बंगळुरूला पाठवा. दोन, हे डोक्यावरचं आधी काढा.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते खेळाच्या पानांवर येऊन गेलंय. अकरा मोसम मी व्यावसायिक फुटबॉल खेळले. गोल माझ्या नावावर बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. दुसऱ्यांच्या पायातले बॉल काढले, तेच माझं काम. त्या कॅप्टनचा बॉल मी पहिल्याच प्रॅक्टिसला काढला. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही, आणि मग पुढचे तीन मोसम अशी खेळली की मला तिच्यापुढे धाप लागायची.

पण त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यातलं काही माहीत नव्हतं. सकाळी पप्पा मला घेऊन आबांच्या घरी निघाले. त्यांना आनंदही झाला होता आणि धसकाही बसला होता. आबांचं घर म्हणजे वर्षाकाठी चार-पाच सत्कार. वाटेत त्यांनी मला दोनदा बजावलं की वाकून पाया पडायचं आणि तोंड उघडायचं नाही.

आबा बाहेरच्या सोप्यात कॉटवर बसले होते. उजवी नडगी आंबेहळदीने पिवळी झाली होती आणि हळदीच्या कडेने निळं-जांभळं दिसत होतं. त्यांच्या सूनबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी दारातच पाया पडायला वाकले.

"उठ," आबा म्हणाले. "पाया पडणारी लई झाली. बस हितं."

पप्पांनी सुरुवात केली की पोर लहान आहे, चुकली, तुम्ही मोठ्या मनाने. आबांनी त्यांना हाताने थांबवलं.

"नामदेव, मी खेळायचं कवा सोडलं तुला ठाव हाय?"

पप्पा म्हणाले, गुडघ्याचं दुखणं झालं तेव्हा.

"गुडघा माझा अजून झ्याक हाय," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली आला. "रोज सकाळी प्रॅक्टिसला जात हुतो मी. पन्नाशी झाली तरी. एक दिवस समोर एक पोरगं आलं आणि बाजूला सरकलं. म्हटलं, चुकलं असंल. मग दुसरं सरकलं. तिसऱ्यानं 'या आबा' म्हटलं. त्या दिवशी मला आबा केला त्यांनी. घरी आलो आणि बूट माळ्यावर टाकलं. त्यानंतर हार लई मिळालं, पण माझ्या पायातला बॉल काढायला कोण आलं न्हाई."

मी उगीच हळदीच्या वाटीकडे बघत बसले.

"काल म्हटलं, मरायच्या आधी एकदा बघावं, अजून कोण येतंय का. म्हणून फिरत हुतो." त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "लई उशिरा आलीस पर. पळून पळून जीव जायची पाळी आली हुती माझी. आणखी एक चक्कर झाली असती तर तालमीला शोकसभाच घ्यावी लागली असती."

सूनबाई ओलं फडकं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, जुनी हळद पुसते, नवी लावते, म्हणजे संध्याकाळपर्यंत निळा डाग उतरेल. आबांनी घाईघाईने पाय मागे ओढून घेतला.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. "अजून निम्मी पेठ बघायला यायची हाय."